हवेतलं गायरान

श्रोतेहो, कवी माणसानं इंटरनेटविषयी बोलावं, हे जरा विचित्रच. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. विज्ञानाशी माझा संबंध शाळेतल्या लोहचुंबकापाशीच संपला. पण गेल्या वर्षी आमच्या घरातल्या वाय-फायनं असा काही छळ मांडला, की मला जुन्या शास्त्रज्ञांच्या दारात जाऊन बसावं लागलं.

आमची अम्मी ऐंशी ओलांडलेली. कानांनी साथ सोडली आहे, नजर मात्र शाबूत. धाकटा भाऊ कुवेतला नोकरीला. शुक्रवारी त्याला सुट्टी, म्हणून दर गुरुवारी रात्री नऊच्या सुमाराला तो व्हिडिओवर येतो. नुसत्या फोनवरचं बोलणं अम्मीला उमगत नाही. पण चेहरा समोर असला, ओठ हलताना दिसले, की ती अचूक उत्तर देते. गेल्या पावसाळ्यापासून हे चित्र मध्येच थिजायला लागलं. भाऊ अर्धं तोंड उघडून तसाच. अम्मी काही क्षण वाट पाहायची आणि मग माझ्याकडे वळून हळूच विचारायची, ‘‘गप्प का झाला रे तो? माझं काही चुकलं का?’’

त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. इंटरनेट पुरवणाऱ्यांकडे तक्रार केली. ‘आमच्याकडून सगळं व्यवस्थित आहे’ असं उत्तर आलं. एक मुलगा आला, यंत्र बंद करून चालू केलं, सही घेऊन गेला. मग माझा संशय वळला शेजारी. भिंतीला भिंत लागून एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्या घरातलं कुणीतरी आमचं वाय-फाय चोरून वापरतंय, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पासवर्ड बदलला. फरक पडला नाही. जिन्यात गुरुजी भेटले की मी मान वळवून पुढं जायला लागलो. वीस वर्षांचा शेजार, आणि मी मान वळवत होतो!

शेवटी माझी भाची आली. इंजिनीअरिंगला आहे. तिनं येताना एक वायर आणली. ‘‘मामू, आधी तार लावून बघू. उगाच कुणाला नावं कशाला ठेवायची?’’ तिनं लॅपटॉप राउटरला वायरनं जोडला आणि तासभर व्हिडिओ चालू ठेवला. एकदाही अडकला नाही. म्हणाली, ‘‘बाहेरून घरापर्यंत सगळं ठीक येतंय. दुखणं आहे ते इथून नानीच्या खुर्चीपर्यंत.’’

म्हणजे बघा, कुवेतपासून रत्नागिरीपर्यंतचं जवळजवळ तीन हजार किलोमीटरचं अंतर, मध्ये अख्खा समुद्र, ते सगळं बिनबोभाट पार होत होतं. आणि शेवटच्या वीस फुटांत, आमच्या हॉलमध्ये, माझ्या भावाचा चेहरा अडकत होता. त्या वीस फुटांत असं काय आहे? तेवढं शोधायला मी निघालो, आणि हाती लागला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास. घरच्या वाय-फायचं एकेक दुखणं म्हणजे त्या इतिहासातलं एकेक पान आहे, असं माझ्या लक्षात आलं. तेच आज सांगतो.

पहिलं पान भिंतींचं. जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथं हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये अदृश्य विद्युतलहरी निर्माण करून दाखवल्या. त्यांनी व्याख्यानगृहाच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा लावला आणि लहरी त्यावर आपटवल्या. जाणारी लहर आणि परतणारी लहर एकमेकींना भेटल्या. हातातलं तारेचं कडं घेऊन हर्ट्झ खोलीभर फिरले, तेव्हा काही जागी त्यात ठिणगी उमटे, काही जागी अजिबात नाही. दोन लहरी मिळून काही ठिकाणी बळकट होत होत्या, काही ठिकाणी एकमेकींना मारत होत्या. आज आपण ‘या कोपऱ्यात रेंज येत नाही’ म्हणतो, तो कोपरा हर्ट्झनी तेव्हाच पाहिला होता. त्यांची लहर काही मीटर लांबीची होती. आपल्या वाय-फायची जुनी, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असते. त्यामुळं फोन चार बोटं इकडंतिकडं सरकवला तरी फरक पडतो.

दुसरं नाव आपल्या घरचं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणारे जगदीशचंद्र बोस. १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात लोकांसमोर प्रयोग केला. लहरी भिंतींतून आरपार पाठवून पलीकडं घंटा वाजवली, बंदुकीची दारू पेटवली. बोस यांचं वेगळेपण असं की त्यांनी लहरी फार आखूड केल्या, काही मिलिमीटरांपर्यंत. आज वेगवान बिनतारी जोडणीसाठी पुन्हा त्याच आखूड लहरींकडे वळावं लागलं आहे. कोणत्या वस्तूतून लहर जाते, कोणती तिला अडवते, हे त्यांनी बारकाईनं तपासलं. त्यासाठी पिळलेला ताग वापरला, आणि रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक घेऊन त्याच्या पानांमध्ये कथलाचे पातळ कागदही घातले. साध्या वस्तूंतून मोठं ज्ञान काढणारा हा माणूस. पेटंट घेण्याची त्यांना नावड होती. मित्रांच्या आग्रहामुळं त्यांच्या एका शोधकाचं अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये निघालं, तेवढंच.

या दोघांचं ऐकून मी घराकडं पाहिलं, तर राउटर कुठं होता? लोखंडी कपाटाच्या मागं! ‘दिसायला बरं नाही’ म्हणून आम्हीच तो तिथं लपवला होता. धातूवरून लहर परतते, हे हर्ट्झनी जस्ताच्या पत्र्यावर दाखवलेलं. आमच्याकडं जस्ताच्या जागी कपाट होतं, एवढाच फरक.

दुसरं पान गर्दीचं. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून निघालेली तीन टिंबं अटलांटिकपलीकडं न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं सांगितलं. जगानं टाळ्या वाजवल्या. दीड वर्षातच त्यांच्या यंत्रणेची फजितीही झाली. जून १९०३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग यांचं व्याख्यान होतं. मार्कोनी दूर कॉर्नवॉलहून संदेश पाठवणार, तो सभागृहात उमटणार, असा बेत. पण त्याआधीच यंत्र टकटक करायला लागलं आणि ‘उंदीर, उंदीर’ असा शब्द उमटू लागला. पाठोपाठ मार्कोनींची खिल्ली उडवणारा पद्यातला मजकूर. हा उद्योग नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या जादूगाराचा होता. जवळच दुसरं यंत्र लावून तो संदेश घुसवत होता. मार्कोनी सांगत होते की आमचे संदेश दुसऱ्या कुणाला अडवता येत नाहीत. मॅस्केलिननं दाखवून दिलं की हवेला दार नसतं, कडीही नसते.

मग सरकारं जागी झाली. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यानंतर अमेरिकेनं बिनतारी यंत्रांसाठी परवाना सक्तीचा केला. आपल्याकडं १९३३ चा कायदा आला. साधा रेडिओ घरात ठेवायचा तरी परवाना लागे. माझ्या लहानपणी अब्बा पोस्टात जाऊन रेडिओचं परवान्याचं पुस्तक शिक्का मारून आणायचे, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. लहरींची मालकी सरकारची. कुणी कोणत्या लहरीवर बोलायचं ते ठरलेलं. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं, तेव्हापासून आपली नभोवाणी याच शिस्तीत चालत आली. एक बोलणार, लाखो ऐकणार. आत्ता तुम्ही मला स्पष्ट ऐकत आहात, त्याचं श्रेय माझ्या आवाजाला नाही. या लहरीवर या भागात दुसऱ्या कुणाला बोलायची परवानगी नाही, याला आहे.

आणि इथंच तिसरं पान उलटतं. वाय-फायला अशी राखीव लहर नाही. ते वापरतं गायरान.

गायरान म्हणजे काय, हे खेड्यातल्या श्रोत्यांना सांगायला नको. गावाची सामायिक जमीन. कुणाच्या सात-बाऱ्यावर नाही. सगळ्यांची गुरं तिथं चरतात. हवेतलं हे गायरान कसं तयार झालं, ती गंमत ऐका. १९४५ च्या सुमाराला अमेरिकेत रडारच्या नळ्यांवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातला खाऊ वितळला, आणि त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन जन्माला आला, असं सांगतात. स्वयंपाक करणारी ही लहर थोडीफार बाहेर सांडणारच. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा उद्योग, विज्ञान आणि वैद्यकाच्या असल्या यंत्रांसाठी सोडून देण्यात आला. निरोप पाठवणाऱ्यांच्या लेखी ती पडीक जमीन. जिथं भट्ट्या पेटलेल्या, तिथं कोण बोलायला जाणार?

१९८५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं ठरवलं, की या पडीक पट्ट्यांत कुणीही विनापरवाना बोलावं. अटी दोन. आवाज लहान ठेवायचा, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये असाच खुला झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग घराबाहेरच्या वापरासाठीही २०१८ मध्ये मोकळा झाला. ज्या देशात रेडिओसाठी पोस्टात रांग लावावी लागे, तिथं आता प्रत्येक घरात एक छोटं प्रक्षेपण केंद्र आहे आणि परवाना कुणी विचारत नाही. स्वातंत्र्य मिळालं; संरक्षण मात्र गेलं. त्या ‘तक्रार करायची नाही’च्या अटीखाली नकळत आपण सगळ्यांनी सही केली आहे. ओव्हन आजही याच पट्ट्यात चालतो. आमची सून बरोबर नऊ वाजता त्यात भाजी गरम करायची.

आता प्रश्न असा, की गायरानात गुराखी नसेल तर गोंधळ का होत नाही? याचं उत्तर आलं हवाई बेटांवरून. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बेटाबेटांवरचे संगणक जोडायचे होते. मध्ये समुद्र. टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरवशाच्या. १९७१ मध्ये त्यांनी रेडिओवरून जाळं उभारलं, नाव ठेवलं ‘अलोहा’. सगळ्यांना एकच लहर. पाळी कुणी ठरवायची?

आम्हा मुशायऱ्यात वावरणाऱ्यांना पाळीची एक जुनी रीत माहीत आहे. शमा, म्हणजे पेटती मेणबत्ती, ज्याच्यापुढं ठेवली त्यानंच शेर वाचायचा. संगणकांच्या काही जाळ्यांत अशी शमा फिरवतही असत. अब्रॅमसन यांनी शमाच काढून टाकली. ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. पोचल्याची पोच आली तर ठीक. नाही आली, तर समजायचं की दोघे एकदम बोलले आणि दोन्ही निरोप फुकट गेले. मग प्रत्येकानं थोडं थांबायचं, आणि किती थांबायचं ते नशिबावर सोडायचं. दोघे सारखेच थांबले तर पुन्हा टक्कर होईल ना! ही व्यवस्था चालली. पण तिची मर्यादाही गणितानं सांगितली: फार झालं तर एकूण वेळेच्या अठरा टक्केच उपयोगी पडतो, बाकी रिकामपणात आणि टकरीत जातो. गर्दी त्यापुढं वाढली की टकरी वाढतात, टकरींमुळं पुन्हा पाठवणं वाढतं, आणि कुणाचंच पोचत नाही. पुढं ‘आधी ऐका, दुसरा बोलत नसेल तरच बोला’ हा नियम आला आणि कारभार पुष्कळ सुधारला.

वाय-फाय आजही याच पोटजातीचं आहे. राउटर आधी कान देतं, शांतता असेल तर नशिबानं ठरलेला क्षण थांबतं, मग बोलतं. बोलताना मात्र त्याला त्याच लहरीवर दुसऱ्याचं ऐकू येत नाही, स्वतःच्याच आवाजानं कान बधिर होतात. ही अडचणही जुनीच. १९२७ मध्ये इंग्लंडशी बिनतारी संपर्क सुरू झाला, तेव्हा आपल्याकडं प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण दूर दौंडला ठेवलं होतं. तोंड एका गावात, कान दुसऱ्या गावात. घरातल्या राउटरला बिचाऱ्याला ही सोय नाही. म्हणून प्रत्येक निरोपाची पोच मागत बसावं लागतं.

एक दुखणं राहिलं, प्रतिध्वनीचं. भिंती, कपाटं, आरसे यांवरून आपटत एकच निरोप अनेक वाटांनी, किंचित पुढंमागं पोचतो. घुमट असलेल्या सभागृहात कविता वाचून पाहा. पहिला शब्द दुसऱ्यावर चढतो. सावकाश बोललं तर चालतं, पण मग वेग कुठून आणायचा? यावर तोडगा काढणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे जॉन ओसुलिव्हन आणि त्यांचे सहकारी पुढं होते. मुळात ओसुलिव्हन आकाश ऐकणारे. सत्तरच्या दशकात ते फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांच्या लहरी शोधत होते. त्या सापडल्या नाहीत. पण विस्कटलेल्या लहरीतून मूळ आकार ओळखायचं गणित हाताशी राहिलं, आणि नव्वदच्या दशकात तेच खोलीतल्या प्रतिध्वनीवर लागू पडलं. एका भरधाव प्रवाहाऐवजी अनेक संथ प्रवाह शेजारी-शेजारी सोडायचे, म्हणजे प्रतिध्वनी एकमेकांवर चढत नाहीत. या पेटंटावरून पुढं बरीच कोर्टबाजी झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या त्या सरकारी संस्थेला ४० कोटींहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले.

या सगळ्याला एका नियमात बांधलं ते दुकानदारीच्या गरजेनं. गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला दुकानात तारा न ओढता ती जोडायची होती. त्या कंपनीचे नेदरलँड्समधले व्हिक हेज यांनी नव्वदचं जवळजवळ सगळं दशक समितीत बसून निरनिराळ्या कंपन्यांचं एकमत घडवलं. १९९७ मध्ये ‘८०२.११’ नावाचं पहिलं मानक आलं, आणि १९९९ मध्ये ‘वाय-फाय’ हे नाव.

तर आता परत आमच्या हॉलमध्ये येऊ. भाचीनं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. आजूबाजूच्या सगळ्या राउटरांच्या टेकड्या त्यात दिसत होत्या. चौदा होत्या. २.४ च्या पट्ट्यात तेरा वाहिन्या असतात, पण प्रत्येकीचे पाय शेजारणींच्या अंगावर. एकमेकींना न शिवणाऱ्या अशा तीनच धरता येतात: १, ६ आणि ११. आमचा राउटर सहावर होता. आणि आमच्या टेकडीवर तंतोतंत दुसरी टेकडी बसली होती, तितकीच उंच. गुरुजींची. तीही सहावर.

म्हणजे चोरी कुणी केलीच नव्हती. दोघे एकाच चौथऱ्यावर उभे राहून एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ म्हणत होतो, आणि अधूनमधून एकदमच बोलत होतो.

मी चप्पल घालून शेजारी गेलो. गुरुजींनी दार उघडलं. मी काय काय घोकून आलो होतो, ते सगळं विसरलो. म्हटलं, ‘‘गुरुजी, तुमचं इंटरनेट रात्री अडकतं का?’’

ते म्हणाले, ‘‘अहो, नातीचा क्लास असतो नऊ वाजता. रडकुंडीला येते पोर. खरं सांगू? मला वाटत होतं, तुमच्याकडंच काहीतरी मोठं यंत्र आणलंय. पण तुम्ही हल्ली बोलतच नव्हता, मग विचारू कसं?’’

त्या रात्री भाचीनं दोन्ही घरांत काम केलं. आमचा राउटर १ वर, त्यांचा ११ वर. कपाटामागून तो काढून हॉलच्या लाकडी फळीवर उंचावर ठेवला. अम्मीचा मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर लावला. ती लहर भिंतीपलीकडं लवकर दमते, पण एका खोलीत चांगली चालते आणि तिथं गर्दीही कमी. आतल्या खोलीतला जुना, संथ फोन गुरुवारी नऊ वाजता बंद ठेवायचं ठरलं. दूरचं आणि हळू बोलणारं एक यंत्र सगळ्यांचाच वेळ खातं. ओव्हन साडेनऊनंतर. खर्च झाला शून्य रुपये.

श्रोतेहो, तुमच्याही घरी असं होत असेल, तर आधी तार लावून बघा. तारेवरही अडकलं, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे, तक्रार जरूर करा. तारेवर ठीक चाललं, तर दोष हवेत आहे. मग कपाट पाहा, ओव्हन पाहा, वाहिनी पाहा, आणि शेजाऱ्याची बेल वाजवा. गायरानावर तलाठी नसतो. तिथं एकमेकांना विचारूनच गुरं सोडावी लागतात.

आता चित्र कधीच थिजत नाही, असं मी म्हणणार नाही. परवाच थिजलं. भाऊ हसता हसता तसाच राहिला. मी धावत राउटरकडं निघालो, तर अम्मीनं हात धरून मला खाली बसवलं. ‘‘थांब,’’ म्हणाली, ‘‘कुणीतरी दुसरं बोलत असेल.’’

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)